अडतीस फुटांवर थांबलेली विहीर

इथं लोक लिहितात ते अनुभव भाची मला मोबाइलवरून वाचून दाखवते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून स्वतः वाचणं जमत नाही, आणि हे टाइपही तीच करतेय. मी सांगतो, ती लिहिते... मध्येच थांबून "मामा, खरंच?" म्हणून विचारते. म्हणून तिलाही आणि तुम्हालाही आधीच सांगून ठेवतो. मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षांच्या वर पोरांना खडक, माती आणि पाऊस शिकवला. वडील तुळजापूरला कारकून होते. घरात देवधर्म भरपूर, पण अंगात येणं, करणी, भानामती असलं काही कानावर आलं की वडील पंचांग मिटून उठून जायचे. मीही त्यांच्यावरच गेलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता. आजही बसलाय असं म्हणवत नाही. फक्त आता नाही म्हणायचाही कंटाळा आलाय.

गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावं बदललीत. बाकी जे सांगतो ते घडलं तसं.

हैदराबादच्या पोलिस अ‍ॅक्शनला बारा-तेरा वर्षं झाली असतील. महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय भूगोल, आणि भूविज्ञानाचा एक पेपर सक्तीचा. त्या पेपरासाठी दहा दिवस खेड्यात राहून सर्व्हे करायचा होता. प्रत्येकाला एक शिवार वाटून दिलेलं. त्याचा नकाशा काढायचा, विहिरी दाखवायच्या, प्रत्येक विहिरीत कोणता थर किती फुटांवर आहे ते मोजायचं. आमचा मुक्काम बेंबळीच्या शाळेत होता. मला मिळालेलं शिवार तिथून दीड कोसावर.

आमच्याबरोबर देविदास नावाचा एक विद्यार्थी आला होता. तो भाषाशास्त्राचा. त्याच्या सरांना या भागातली बोली हवी होती, म्हणून त्याला आमच्या गाडीत बसवून दिलेलं. त्याच्याकडे छापील फॉर्म होते. नाव, वय, गाव, आणि खाली बोलणाऱ्याची पाच-सहा वाक्यं. तो मला रोज बजावायचा की ऐकू येईल तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही, आपल्या मनाचं घालायचं नाही. आम्ही दोघं बरोबर फिरायचो. मी टेप धरायचो, तो माणसांना बोलतं करायचा.

सातव्या दिवशी देविदासला ताप भरला. शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडून होता. मी निघालो तेव्हा त्यानं एक कोरा फॉर्म हातात दिला आणि म्हणाला, निदान एक तरी भरून आण. मी एकटाच गेलो.

माघ संपत आला होता. ज्वारी काढणीला आलेली. शिवाराच्या उत्तरेला ओढा, ओढ्याच्या अलीकडे पांढऱ्या चुनखडीचा उंचवटा, आणि त्याच्या पायथ्याशी बांधावर तीन बाभळी ओळीनं. हे इतकं नेमकं सांगतोय, कारण ही जागा मी नंतर आणखी दोनदा पाहिली. चुकायला वावच नव्हता.

दुपारचे साडेबारा झाले असतील. जवळचं पाणी संपलं होतं. त्या तीन बाभळींशी आलो तर कप्पीचा आवाज आला. पुढे झालो तर विहीर. दगडानं बांधून काढलेला काठ, आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगड, आणि एक बाई दोरानं पाणी ओढत होती. पंचेचाळिशीची. कपाळ मोकळं. मी पाणी मागितलं. तिनं घागर वाकवली आणि मी ओंजळ धरली. पाणी ओतताना तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं... करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. कडबा तोडताना गेलं असं ती न विचारताच म्हणाली. लोक नेहमी विचारत असतील.

पाणी गार होतं. पोटभर प्यालो.

मग मी फॉर्म काढला. तिनं नाव सांगितलं गोजराबाई. वय विचारल्यावर म्हणाली, चाळीसच्या पुढं काय बी लिवा. काहीतरी बोलत राहा, एवढंच मी तिला सांगितलं. रोज असंच हातानं ओढता का, असं सहज विचारलं. तिचं उत्तर मी फॉर्मवर जसंच्या तसं उतरवलं, ते असं :

"न्हाय, आज लाईट न्हाय, म्हनून हातानं वढाय लागलंय."

मला वाटलं कंदिलाबद्दल काही म्हणतेय. अर्थ लागला नाही, पण देविदासनं सांगितलं होतं म्हणून लिहिलं. मग ती दोर गुंडाळत विहिरीकडे बघून बोलली. हेही लिहिलं :

"ह्याच हिरीत माजा मालक गेला. एक सुरुंग उडालाच न्हवता. का उडंना म्हनून बगाय उतरला, आन तवाच उडाला. तांबड्या मातीला लागलो व्हतो आमी. पानी त्याच दिशी लागलं."

रडली नाही. खूप वेळा सांगून झालेलं माणूस सांगतं तसं सांगितलं.

तेविसाव्या वर्षी सांत्वन कुणाला येतं? मी थर मोजायची परवानगी मागितली आणि आत उतरलो. वरून काळी माती चार फूट, मग चुनखड तीन, मुरूम नऊ, मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ खडक, चौदा. त्याखाली काळा पाषाण दहा फूट. चाळीस फुटांवर वीटकरीसारखा तांबडा थर, दीड फुटाचा, आणि त्याच्या अगदी खालून झरा. पाणी तिथूनच सुरू होत होतं. ते किती खोल आहे असं मी खालून ओरडून विचारलं, तर वरून उत्तर आलं, दोन पुरुष, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. ते सगळं वहीत लिहिलं. वर आलो तेव्हा बाई नव्हती. पाणी घेऊन गेली असेल. त्यात चमत्कारिक काय होतं? काहीच नाही. मी पुढच्या शेताला गेलो.

शेवटच्या दोन दिवसांत आमचे सर नकाशे तपासायला आले. ते जागेवर जाऊन बघायचे. माझ्या नकाशावर विहीर क्रमांक अकरा होती. तीन बाभळी होत्या. चुनखडीचा उंचवटा होता. विहीर नव्हती. तिथं उभी ज्वारी होती, कंबरेपेक्षा उंच. शेताचे मालक, एक म्हातारे गृहस्थ, बांधावर बसून आमची गंमत बघत होते. सरांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, माझ्या आज्याच्या काळापासून इथं कुणी कुदळ मारली नाही. गोजराबाई नावाची बाई गावात आहे का? तर तीही नाही.

सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. वहीतले थर त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे, खडकांचा क्रम अगदी या भागातला आहे, पण घरी बसून विहीर लिहिणाऱ्याला मी उद्या पोरांसमोर उभा करू शकत नाही.

परीक्षेनंतर मला डिपार्टमेंटमध्येच शिकवायला ठेवून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी परंड्याला हायस्कूलमध्ये लागलो.

देविदासनं मात्र फॉर्म फाडला नाही. तो म्हणाला, तू इथला असलास तरी ही वाक्यं तुला रचता येणार नाहीत, ही कुणीतरी बोललेलीच आहेत. फक्त एक गोष्ट त्याला खुपत होती. त्या शिवारात बाई 'लाईट' हा शब्द का वापरते? तिथून कोसभर विजेचा खांब नव्हता. दहा दिवसांत त्यानं सत्तर-ऐंशी माणसं बोलती केली, दिवा, चिमणी, कंदील सगळे शब्द आले, लाईट कुणाच्या तोंडात नव्हता. त्यानं तो फॉर्म मला देऊन टाकला. पुढे दोन-तीन वर्षांत कावीळ होऊन तो गेला.

मध्ये सहा वर्षं गेली. परंड्यात माझं बरं चाललं होतं. म्हणजे चाललं होतं. किल्ल्याच्या बाजूला दोन खोल्या, सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या. सर्व्हेची वही ट्रंकेत तळाशी होती. मी ती उघडत नसे.

मग पाऊस दगा देत गेला. तुम्हा शहरातल्या लोकांना त्या वर्षांची कल्पना यायची नाही. बसच्या खिडकीतून बघावं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका घागरी घेऊन चाललेल्या, दिवसभर. आमच्या शाळेत कदम मास्तर होते, ते त्याच गावचे. एक दिवस मधल्या सुट्टीत म्हणाले, माझ्या चुलत भावानं विहीर काढायला घेतलीय, अडतीस फूट गेला, थेंब नाही, घरची सगळी माणसं खचलीत. तुम्ही खडकाचं शिकलेले, एकदा येऊन बघता का?

कुठल्या शेतात, एवढंच मी विचारलं. तीन बाभळी आहेत तिथं, असं ते म्हणाले.

रविवारी बार्शीवरून धाराशिवला आणि तिथून बेंबळीला, अशा बसनं आम्ही दोघं गेलो. गावाच्या वेशीवर विजेचे खांब आडवे रचून ठेवले होते. पारावरचा एक जण कौतुकानं म्हणाला की औंदा लाईट येणार. वही पिशवीत होती.

म्हातारे मालक वारले होते. आता शेत त्यांच्या मुलाकडे, किसनकडे. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, उंच, हाताला फोड आलेला माणूस. त्याच्याबरोबर दोन मजूर. मी काठावर उभा राहून आत पाहिलं. काळी माती. चुनखड. मुरूम. मांजऱ्या. पाषाण. उतरून मोजायची गरज नव्हती, पण उतरलो. टेप लावत लावत खाली गेलो आणि वहीतले आकडे एकेक करून जुळत गेले. मला भीती वाटली नाही हो. फार थकल्यासारखं झालं. सरांनी ज्याला कल्पना म्हटलं ते माझ्या चारी बाजूंनी उभं होतं, आणि दाखवायला आता सर नव्हते, देविदास नव्हता. तळाशी पाषाण फोडलेला. आणखी दोन फूट, की तांबडा थर. त्याखाली पाणी.

वर आलो तेव्हा किसनची बायको डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन बांधावरून येत होती. मैल-दीड मैलावरून आणत होती रोज. कपाळभर कुंकू, वीस-बावीसचं वय. तिनं माझ्यासाठी तांब्या भरला. डाव्या हाताच्या करंगळीला पट्टी बांधलेली. कदम मास्तरांनी काय झालं म्हणून विचारलं. आठ दिवसांपूर्वी कडबा तोडताना पेर गेलं, असं ती म्हणाली. कदम मास्तरांनी मला ओळख करून दिली : ही आमची गोजर.

ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशीच बघत होती. तिनं मला कधी पाहिलंच नव्हतं.

किसन बाभळीखाली उकिडवा बसला होता. त्यानं विचारलं,

"सर, तुमीच सांगा आता. खाली पानी हाय का न्हाय?"

दोन सुरुंगांची दारू त्याच्याकडे उरली होती. उद्या लावणार होता. मी वही काढली नाही. मी म्हणालो,

"नाही. पुढे तीस फूट नुसता पाषाण आहे. सोडून द्या."

एवढं बोलायला किती वेळ लागतो? त्यानं पुन्हा विचारलंही नाही. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. तो उठला, टोपी झटकली आणि मजुरांना हत्यारं वर घ्यायला सांगितली. गोजर पदराचं टोक तोंडात धरून विहिरीकडे बघत राहिली. सात महिने तिनं त्या खड्ड्यातून दगडाच्या पाट्या वाहिल्या होत्या.

भाची आता विचारतेय, मामा, पाणी आहे पण सुरुंगाला जपा, असं का नाही सांगितलं? बाई गं, हे मी स्वतःला किती वर्षं विचारलं असेल. सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण जपा म्हटल्यावर माणूस किती जपतो? पाणी दोन फुटांवर आहे हे कळल्यावर तर अजिबात जपत नाही. आणि त्या फॉर्मवर तिचा मालक गेल्याचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं. मला धीर झाला नाही, हेच खरं.

पुढची दोन वर्षं मी कदम मास्तरांना आडून आडून विचारायचो. किसन कसा आहे? बरा आहे. पण शेत पडीक पडत चाललं होतं. दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. गावात दुसऱ्या दोन विहिरींना पाणी लागलं आणि त्यांच्यावर मोटारी बसल्या. किसन मात्र घुम्यासारखा झाला होता. एक दिवस कदम मास्तर म्हणाले, तो पुन्हा उतरायचं म्हणतोय. सुरुंगाची व्यवस्था करतोय. म्हणतो, सर तरी काय, माणूसच.

मी त्याच शनिवारी गेलो. एकटाच.

शेताकडे जाणाऱ्या पांदीतच गोजर भेटली. घागर, कळशी, अनवाणी पाय. मला ओळखून ती थांबली आणि घागर उतरवून ठेवली. दोन वर्षांत खूप उतरली होती. मालक घरी नाहीत म्हणाली. मग कळशीही खाली ठेवत म्हणाली, "तुमी न्हाय म्हनलाव म्हनून आमी थांबलो व्हतो, सर."

तिच्या त्या बोलण्यावर मला खोटं पेलवेना. तिथंच पांदीत, दगडावर बसून मी तिला सगळं सांगितलं. वही उघडली. थर वाचले. फॉर्म दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचीच वाक्यं तिला वाचून दाखवली, जशीच्या तशी. करंगळीचं सांगितलं. मोकळ्या कपाळाचंही सांगितलं.

मला वेड लागलंय असं ती म्हणाली नाही. वाक्यं ऐकताना एकदा तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला, तेवढंच. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"पानी किती व्हतं?"

"दोन पुरुष," मी म्हणालो. "माघातसुद्धा."

तिनं मान हलवली. पांदीच्या पलीकडे बघत राहिली. तिकडे लोकांच्या मोटारीचा आवाज येत होता. मग वाकून तिनं चुंबळ डोक्यावर नीट केली.

"त्येंला सांगू नगा," ती म्हणाली. "त्ये उद्याच उतरतील."

मी घागर उचलायला हात लावला. ती नको म्हणाली. सवय आहे म्हणाली. घागर डोक्यावर चढवली, कळशी काखेत घेतली आणि निघाली.

तिनं घरी जाऊन काय केलं मला माहीत नाही. कदम मास्तर नंतर एवढंच म्हणाले की किसनच्या बायकोनं विहिरीपायी घर डोक्यावर घेतलं, तीन दिवस काठावर बसून राहिली, शेवटी त्यानं नाद सोडला. गावात लोक तिला नावं ठेवत होते. नवऱ्याला वर येऊ देत नाही, पाणी लागू देत नाही, असली बाई... कदम मास्तरही चिडले होते. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून बसलो. त्यानंतर मी त्या गावाला गेलो नाही. दोनेक वर्षांनी माझी बदली झाली. कदम मास्तरांच्या पत्रातून कळत राहिलं : किसन आहे, गोजर आहे, खड्ड्यावर बोराट्यांचे काटे टाकून ठेवलेत. पुढे पत्रंही थांबली.

आता यावर तुम्ही लोक लिहाल. उन्हात भोवळ आली असेल, कुणाकडून ऐकलेलं असेल, आकडे नंतर जुळवले असतील. लिहा. हे सगळं मी स्वतःशी बोलून बसलोय. भूविज्ञानाच्या पुस्तकात शोधलं, मोठ्या माणसांना नाव न सांगता विचारलं. कुठं उत्तर नाही. ती बाई जर पुढच्या काळातली असेल, तर तो काळ आलाच नाही. विहीर अडतीस फुटांवर थांबली, किसन वाचला, गोजरनं कुंकू पुसलं नाही. मग मी त्या दुपारी कुणाशी बोललो आणि कुठल्या विहिरीत उतरलो?

मला माहीत नाही. मी पाणी प्यालो होतो, पोटभर. आणि ती जन्मभर मैल-दीड मैल चालत राहिली. तिला सांगून मी बरं केलं की वाईट, हेसुद्धा मला अजून ठरवता आलेलं नाही.